एक गुंठा, अर्धा लिटर: उन्हावर इंधन बनवणाऱ्या जिवाणूंचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या वाडीत रेंज येते-जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आज आकडे जरा जास्त आहेत. ऐकताना ते पटकन निघून जातात, इथे थांबून बघता येतील.

विषय सुचवला देवबागच्या एका श्रोत्याने. त्याने एक रील पाठवली. काचेच्या नळ्या, त्यात हिरवंगार पाणी, मागे जोरदार म्युझिक, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आता हवेतून पेट्रोल!’ सोबत व्हॉइस मेसेज होता: “दादा, शेवाळापासून डिझेल करतत म्हणे. मगे आमच्या होडीक ता चालात काय?”

मी मालवणचा. हा प्रश्न आमच्याकडे गंमत म्हणून विचारत नाहीत. समुद्रात जायचं की नाही, हे इथे वाऱ्याइतकंच डिझेलवर ठरतं. मासळी मिळाली नाही तरी टाकीतलं डिझेल जळतंच. त्यामुळे उत्तर देताना ‘विज्ञान किती भारी आहे’ एवढं म्हणून चालणार नाही. लिटरमध्ये बोलावं लागेल.

हा जिवाणू तुम्ही पाहिलेला आहे

रीलमध्ये ज्याला शेवाळ म्हटलंय, ते बऱ्याचदा सायनोबॅक्टेरिया असतात. मराठी पुस्तकांत त्यांना नील-हरित शेवाळ म्हणतात, पण हे खरे जिवाणू. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी, पण झाडासारख्या उन्हावर जगणाऱ्या.

पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर जो काळपट, घसरडा थर धरतो, त्यात हे असतात. भाताच्या खाचरात असतात, तिथे त्यांच्यातले काही हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात, म्हणून त्यांचं खतही विकलं जातं. मार्च-एप्रिलच्या सुमाराला अरबी समुद्रात पाण्यावर कधीकधी लाकडाच्या भुशासारखा तपकिरी थर तरंगताना दिसतो. तोही यांचाच एक भाऊबंद, ट्रायकोडेस्मियम. आणि आपण जो ऑक्सिजन घेतोय, तो पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा साठायला लागला तोसुद्धा यांच्यामुळेच, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी.

म्हणजे ऊन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून वस्तू बनवण्याचा हा खूप जुना कारखाना. संशोधक एवढंच म्हणतात की बाबा रे, तू साखर बनवतोस, त्याऐवजी थोडं इंधन बनव.

खोबरं की माडी?

शेवाळापासून इंधन काढायचे दोन रस्ते आहेत. माडाचं उदाहरण घेऊ.

पहिला रस्ता खोबऱ्याचा. नारळ वाढवा, उतरवा, फोडा, सुकवा, घाण्यात घाला, तेल काढा. तसंच तेलकट शेवाळ वाढवायचं, पाण्यातून गोळा करायचं, त्यातून तेल काढायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं. यात गोळा करणं आणि सुकवणं यातच बरीच ऊर्जा जाते.

दुसरा रस्ता माडीचा. माड उभाच राहतो, पोयीतून रस थेंबथेंब मडक्यात पडतो. जिवाणूत जनुकीय बदल करून नेमकं हेच साधायचं असतं: पेशी जिवंत राहील आणि इंधन स्वतःच बाहेर सोडत राहील.

ते कसं? पेशीतलं हरितद्रव्य उन्हाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडतं. ऑक्सिजन बाहेर जातो आणि मिळालेली ऊर्जा पेशी साठवते. मग रुबिस्को नावाचं एन्झाइम कार्बन डायऑक्साइड पकडून त्याला साखरेच्या साखळीत जोडतं. त्यातून पुढे पायरुवेट नावाचा तीन कार्बनचा छोटा रेणू तयार होतो. पायरुवेट म्हणजे पेशीचं तिठ्ठं समजा. इथून एक रस्ता प्रथिनांकडे जातो, एक चरबीकडे, एक श्वसनाकडे.

संशोधकांनी या तिठ्ठ्यावरून एक नवा रस्ता काढला. १९९९ साली कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाच्या डेंग आणि कोलमन यांनी सायनोबॅक्टेरियामध्ये बाहेरून दोन जनुकं बसवली. पहिल्या जनुकाचं एन्झाइम पायरुवेटमधला एक कार्बन काढून टाकतं, दुसऱ्याचं एन्झाइम उरलेल्या रेणूचं इथेनॉल करतं. ही जनुकं कुठून आणली? झायमोमोनास नावाच्या जिवाणूतून. हा जिवाणू मेक्सिकोतल्या पुल्के या दारूत सापडतो, आणि ताडी-माडीतही सापडतो. म्हणजे माडीचं उदाहरण मी उगाच नाही दिलं!

पुढे २००९ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात (लॉस एंजेलिस) जेम्स लियाव यांच्या गटाने आयसोब्युटिराल्डिहाइड नावाचा पदार्थ बनवून घेतला. नाव अवघड आहे, पण गंमत अशी की तो चटकन उडून जाणारा आहे, त्यामुळे पाण्यात न साठता वरच्या हवेतून गोळा करता येतो. त्याच्यापासून पुढे पेट्रोलसारखं वापरता येणारं आयसोब्युटेनॉल करता येतं.

तर रीलमधला मुख्य दावा खोटा नाही. हे होतं, आणि होऊन पंचवीसेक वर्षं झाली.

पवईच्या तलावातला पाहुणा

या गोष्टीत महाराष्ट्राचंही एक पान आहे, आणि ते फार लोकांना माहीत नाही.

मुंबईत आयआयटीला लागून पवईचा तलाव आहे. त्यात सांडपाणी येतं, त्यामुळे तो अधूनमधून हिरवा होतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रमोद वांगीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तलावातून एक सायनोबॅक्टेरिया वेगळा काढला. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हिमाद्री पाक्रसी हेही या कामात होते. २०१८ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जिवाणूचं नाव सिनेकोकॉकस इलोंगॅटस, आणि त्याचा पत्ता पीसीसी ११८०१. पीसीसी म्हणजे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला जिवाणूंचा संग्रह, आणि ११८०१ हा तिथला नोंद क्रमांक.

याचं विशेष काय? साध्या हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड असतो, तेवढ्यावर हा २.३ तासांत दुप्पट होतो. साध्या हवेवर इतका जलद वाढणारा सायनोबॅक्टेरिया तोवर नोंदलेला नव्हता. सलग प्रकाश दिला आणि खाणं कमी पडलं नाही, तर एकाचे चोवीस तासांत हजारावर होतात. त्याला जास्त ऊन, जास्त तापमान आणि खारटपणा सोसतो. शिवाय आजूबाजूच्या पाण्यातला डीएनए तो आपणहून आत घेतो, त्यामुळे त्याच्यात जनुकं बसवणं सोपं जातं.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरले जाणारे जिवाणू मऊ उजेडात आणि बेताच्या तापमानात वाढवलेले असतात. एप्रिलच्या दुपारी मालवणात बंद नळीतलं पाणी किती तापेल, विचार करा. आपल्या उन्हात टिकणारा जिवाणू शोधायचा तर तो आपल्याच पाण्यात शोधावा लागणार. पवईत सापडला, तर आणखी कुठे काय असेल?

आता हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण पुढची कुठलीही रील तपासायला तो उपयोगी पडेल. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ युनिट एवढं ऊन पडतं. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठ्यावर दिवसाला ५०० युनिट ऊन. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते.

वा! म्हणजे गुंठ्यावर रोज ५० लिटर डिझेलएवढं ऊन पडतं? हो, पडतं. पण जिवाणू ते सगळं वापरू शकत नाही. उन्हातल्या निम्म्याहून जास्त ऊर्जेचा प्रकाशसंश्लेषणाला उपयोग नसतो. उरलेल्यातली बरीचशी रासायनिक पायऱ्यांवर सांडते. भर दुपारी तर पेशीला ऊन झेपत नाही, ती जादाचं उष्णता म्हणून फेकून देते. अगदी आदर्श परिस्थितीत सूक्ष्म शेवाळाची कमाल मर्यादा १२ टक्क्यांच्या आसपास मानतात. उघड्यावर प्रत्यक्षात हाती येतात १ ते ३ टक्के, आणि तीही पूर्ण पेशी धरून, नुसतं इंधन नाही.

म्हणून आपण इंधनासाठी १ टक्का धरू. ५०० युनिटचा एक टक्का ५ युनिट. म्हणजे अर्धा लिटर.

एक गुंठा, एक दिवस, अर्धा लिटर. एवढं लक्षात ठेवलंत तरी आजचा भाग वसूल.

आता देवबागच्या भावाचा प्रश्न. समजा त्याच्या होडीला दिवसाला ४० लिटर डिझेल लागतं. तर ८० गुंठे हवेत. म्हणजे एका होडीसाठी दोन एकर हिरवं पाणी. बंदरात अशा होड्या किती आहेत ते मोजा आणि मग देवबाग किती रुंद आहे ते आठवा!

त्याच गुंठ्यावर साधी सोलर पॅनेल्स अंथरली तर? ती २० टक्क्यांच्या आसपास ऊन विजेत बदलतात. म्हणजे १०० युनिट. शिवाय डिझेल इंजिन इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच पंख्यापर्यंत पोचवतं, इलेक्ट्रिक मोटर बहुतेक सगळी पोचवते. पंख्याच्या बाजूने बघितलं तर त्याच जागेतून पॅनेल जिवाणूच्या पन्नासेक पट काम देतं.

मग जिवाणूंच्या मागे लागायचंच कशाला? कारण वीज साठवायला बॅटरी लागते, आणि ती जड असते. ४० लिटर डिझेलचं वजन पस्तीस किलोही भरत नाही. तेवढंच काम करणारी बॅटरी जवळपास एक टन भरते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊन यायचं असेल तर बॅटरी पुरेल, आणि माझ्या मते तिथे ती आधी यायला हवी. पण खोल समुद्रात जाणारा ट्रॉलर, मालवाहू जहाज, विमान, यांना हलकं आणि द्रवरूप इंधन अजून बराच काळ लागेल.

जिवाणू मालकाचं ऐकत का नाही

जागेपेक्षा वेगळ्या तीन अडचणी आहेत.

पहिली, कामचुकार पेशी. इंधन बनवणं जिवाणूच्या काही कामाचं नाही, ते त्याच्यावर ओझं आहे. लाखो पेशींमध्ये एखादीचं बसवलेलं जनुक आपोआप बिघडतं. ती इंधन बनवणं बंद करते, सगळी ताकद वाढण्यात लावते आणि जलद दुप्पट होते. काही आठवड्यांत टाकीभर तिचीच पिल्लावळ. पाणी हिरवंगार दिसतं, पण इंधन नाही. शिवाय बाहेरून आलेले शेवाळ खाणारे सूक्ष्मजीव असतातच.

दुसरी, पातळ माल. २०१२ साली चिनी संशोधकांनी अशा जिवाणूंकडून लिटरमागे साडेपाच ग्रॅम इथेनॉल मिळवलं, तेव्हा ती मोठी मजल मानली गेली. म्हणजे अर्धा-पाऊण टक्का. घाटावरच्या साखर कारखान्यांत मळी आंबवली की ८ ते १० टक्के अल्कोहोल मिळतं. जेवढं पातळ, तेवढं ऊर्ध्वपातनाला जास्त इंधन जाळावं लागतं. इंधन बनवायला इंधन जाळायचं, हा व्यवहार कुठे जातो ते कळलंच असेल.

तिसरी, कार्बन डायऑक्साइड. ‘हवेत भरपूर आहे’ असं आपण म्हणतो, पण तो पसरलेला आहे. एक लिटर डिझेलमध्ये जेवढा कार्बन असतो, त्यासाठी साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. एक घनमीटर हवेत तो मिळतो पाऊण ग्रॅमच्या आसपास. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर अशा सव्वाशे खोल्यांतली हवा पूर्ण पिळली की एक लिटर. म्हणून असे प्रकल्प मोठ्या धुराड्याशेजारी उभे करतात. सिंधुदुर्गात मोठं औष्णिक वीज केंद्र नाही.

मोठ्या कंपन्यांचं काय झालं

पैसा कमी पडला म्हणून हे अडलं, असंही नाही. अमेरिकेतली जूल ही कंपनी एका एकरातून वर्षाला १५ हजार गॅलन डिझेल मिळेल असं म्हणत होती. आपल्या मापाने तपासू. अमेरिकन गॅलन ३.८ लिटरचा, म्हणजे ५७ हजार लिटर. भागिले ३६५, भागिले ४० गुंठे. आलं गुंठ्यामागे दिवसाला ३.९ लिटर. आपल्या हिशोबाच्या जवळपास आठ पट! निसर्गनियम मोडत नाही, पण मर्यादेच्या फार जवळ जाणारा दावा. २०१७ साली ती कंपनी बंद झाली.

एक्सॉनमोबिलने २००९ साली सिंथेटिक जिनोमिक्ससोबत शेवाळ-इंधनाचा कार्यक्रम जाहीर केला, ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवली, आणि २०२३ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. भारतातही जानेवारी २०१५ मध्ये रिलायन्स आणि अल्जेनॉल या कंपन्यांनी जामनगरच्या रिफायनरीजवळ प्रात्यक्षिक प्रकल्पाची घोषणा केली होती. आज तुमच्या पंपावर शेवाळाचं पेट्रोल मिळत नाही, यावरून काय ते समजा.

सडा म्हणजे मोकळी जागा नाही

हे सगळं मी एवढ्या तपशिलात का सांगतोय? कारण ‘नापीक जमिनीवर करता येईल’ हे वाक्य या विषयात सारखं येतं. ते वाक्य आपल्याकडे आलं की बोट सड्याकडे जाणार.

कागदावर सडा पडीक असतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्याच कातळावर पाण्याची डबकी भरतात, फुलं येतात, गुरं चरतात, आणि मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

पाऊस तर विसरूच नका. आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. एका गुंठ्यावर ते झालं तीन लाख लिटर पाणी. हातभर खोलीचं उघडं तळं असेल तर चार महिन्यांत ते कितीतरी वेळा वाहून जाईल, आणि त्यासोबत बदललेले जिवाणूसुद्धा खाली शेतात आणि खाडीत जातील. ते तिथे टिकतील का? ओझं वाहणारी पेशी मोकळ्या पाण्यात बहुधा मागे पडते. पण ‘बहुधा’वर खाडी सोडत नाहीत. म्हणूनच १९८९ च्या नियमांनुसार असे जीव बाहेर वापरायला केंद्र सरकारच्या जीईएसी समितीची परवानगी लागते. बंद नळ्या वापरल्या तर हा धोका कमी होतो, पण खर्च वाढतो.

मग हे काम बंद करावं का?

अजिबात नाही. फक्त इंधनाचा हट्ट थोडा बाजूला ठेवायचा. डिझेल हा स्वस्त माल आहे. त्याच जिवाणूकडून महागडी वस्तू बनवून घेतली तर कमी उत्पादनातही परवडू शकतं. पवईच्याच ११८०१ मध्ये बदल करून आयआयटीच्या गटाने सक्सिनिक आम्ल बनवून घेतलंय, २०२० साली त्यावर शोधनिबंध आला. हे आम्ल प्लास्टिकसारख्या वस्तूंसाठी कच्चा माल म्हणून लागतं, आणि एरवी बऱ्याचदा खनिज तेलापासून काढतात. अशा वस्तूंवर तंत्र पक्कं होत गेलं, तर पुढे कधी विमानाच्या इंधनाची पाळी येईल.

तेव्हा देवबागच्या भावा, सरळ उत्तर: होडीच्या इंजिनाचा, कर्जाचा निर्णय या इंधनाच्या भरवशावर थांबवू नको. पण घरात कोणी बारावी सायन्सला असेल, तर तिला किंवा त्याला पवईची गोष्ट जरूर सांग. रसायन अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, यातला कुठलाही रस्ता इकडे येतो. मिठागरातलं पाणी, खाडीचा चिखल, उन्हात तापलेल्या कातळावरची डबकी, असं सगळं ज्यांच्या दाराशी आहे, त्यांना नमुने शोधायला लांब जायला नको.

आणि उद्या कोणी गावात सादरीकरण घेऊन आलं, किंवा फोनवर नवी रील आली, तर तीन प्रश्न विचारा. गुंठ्यामागे दिवसाला किती लिटर, आणि तेही पावसाळा धरून पूर्ण वर्षाची सरासरी? कार्बन डायऑक्साइड आणि पाणी कुठून आणणार? आणि हाच जिवाणू न बदलता सलग किती महिने चाललाय? उत्तरं आकड्यांत आली तर चहा पाजा. ‘भविष्यात अमर्याद’ वगैरे ऐकू आलं, तर चहा त्यांनाच पाजू द्या.

तुमच्या गावच्या तळीत, विहिरीत पाणी कधी अचानक हिरवं होतं, ते मला व्हॉइस मेसेजवर कळवा. मालवणीत, मराठीत, कशातही. पुढच्या भागात भेटूच. येवा!